तरंगणाऱ्या गोळीसाठी कोणता पॉलिमर घेऊ? बजेट ३,००० रु.

पंचिंग_मशीन: एम.फार्म. सेकंड इयर, कोल्हापूर. फॅमोटिडीन (पोटातलं आम्ल कमी करणारं औषध) ४० मिग्रॅची गोळी १२ तास जठरात तरंगत ठेवायची आहे. एचपीएमसी के४एम (पाण्यात फुगून जेल होणारा पॉलिमर) आणि सोडियम बायकार्ब (खायचा सोडा) घालून ट्रायल बॅच काढली. गोळी वर यायला चार मिनिटं लागली आणि सहाव्या तासाला विरून गेली. आता एचपीएमसीचाच जास्त दाट प्रकार के१००एम घ्यावा की कार्बोपॉल हा वेगळा पॉलिमर? गाइड मॅडम कार्बोपॉलच म्हणतात. १०० ग्रॅम पुरे, ३,०००च्या वर खिशात नाहीत.

जुनाजाणता: के१००एम, डोळे मिटून. २ टक्के द्रावणाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) के४एमची ४,००० सेंटीपॉईजच्या आसपास, याची लाखभर. जेलचा थर घट्ट बसतो, गोळी झिजत नाही. माझी २० तास तरंगली होती, थिसिसमध्ये फोटो आहे.

टॅब्लेटवाली_ताई: कार्बोपॉलच्या नादी लागू नकोस बाबा. पावसाळ्यात माझं पावडर मिश्रण गोळी दाबणाऱ्या पंचला असं चिकटलं की अख्खी दुपार ब्लेडने खरवडत बसले. आणि एवढं करून गोळी बीकरच्या तळाशी!

गोडबोले_नाही: विषय निघालाच आहे तर, माझ्या आईची मेटफॉर्मिनची लाँग ॲक्टिंग गोळी शौचातून अख्खी पडते. महिनाभर ती म्हणत होती, औषध लागूच पडत नाही. एवढे पैसे घेता, गोळी तरी विरघळणारी द्या.

टॅब्लेटवाली_ताई: दादा, ते नुसतं टरफल असतं. औषध आतून हळूहळू झिरपून गेलेलं असतं, पॉलिमरचा सांगाडा तेवढा बाहेर पडतो. काकूंना एवढंच सांगा, गोळी चावायची किंवा कुटायची नाही. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो.

निवृत्त_फॉर्म्युलेटर: तुम्ही सगळे बीकर बघून खूश होता. उपाशी पोटी दर दीड-दोन तासांनी जठर एक जोरदार लाट मारून साफसफाई करतं, तेव्हा तुमची तरंगणारी गोळीसुद्धा पुढे जाते. पोटात अन्न असेल तर ती लाट थांबते, म्हणून असल्या गोळ्या जेवणानंतर द्यायच्या. खरं बघायचं असेल तर माणसांवर गॅमा सिंटिग्राफी (किरणोत्सारी खूण घातलेली गोळी पोटात कुठे आहे ते कॅमेऱ्याने बघणं) करा.

पंचिंग_मशीन: सर, ३,०००मध्ये?

हिरवा_मळा: विकतचा पॉलिमर हवाच कशाला? इसबगोल पाण्यात टाकून बघ, किती फुगतं ते. आमच्या घरात तीन पिढ्या घेतात.

कॅप्सूल_कुमार: फॅमोटिडीन घासून घासून गुळगुळीत झालंय. रॅनिटिडीन घे.

जुनाजाणता: @कॅप्सूल_कुमार, कुठे असता? त्यात एनडीएमए (कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी) सापडल्यावर एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रॅनिटिडीन बाजारातून काढायला लावलं. व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल.

अनुभवी_७२: के१००एम घ्या. व्हिस्कॉसिटी जास्त असते.

जुनाजाणता: तेच वर लिहिलंय.

साधा_लॅबवाला: हार्डनेस (गोळी फोडायला लागणारा जोर) किती ठेवलास?

पंचिंग_मशीन: ८ किलो.

साधा_लॅबवाला: मग वर यायला चार मिनिटं लागणारच. इतकी दाबलीस की आत हवाच उरली नाही, आम्लही चटकन शिरत नाही. ४-५वर आण. बायकार्ब आणि आम्लाची गाठ पडून सुटलेला गॅस जेलमध्ये अडकला तरच गोळी वर येणार. आणि बायकार्ब उघड्यावर ठेवू नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत सगळं मिश्रण ओलसर होतं. सिलिका जेल टाकून डेसिकेटरमध्ये ठेव. पॉलिमरचं नंतर बघ. कंपन्यांना कॉलेजच्या लेटरहेडवर मेल टाकलास तर सॅम्पल फुकट मिळतं.

हिरवा_मळा: इसबगोलही जवळजवळ फुकटच.

पंचिंग_मशीन: सगळ्यांचे आभार. सॅम्पलचा मेल टाकलाय, उत्तर नाही. तोवर स्टोअरच्या कपाटात सीनियरचा अर्धा डबा के१५एम (के४एम आणि के१००एमच्या मधला) सापडला. रीटेस्ट डेट (पुन्हा तपासायची तारीख) उलटून गेलीय, म्हणून लॉस ऑन ड्राइंग (ओलाव्याची चाचणी) करून घेतला, ठीक निघाला. हार्डनेस ४.५. आज सकाळी लावली: ०.१ नॉर्मल एचसीएल (जठरातल्या आम्लाऐवजी), ९०० मिली, ३७ अंश, पॅडल ५० आरपीएम. पन्नास सेकंदांत गोळी वर! आता नववा तास चालू आहे. कडेने पांढुरकी, फुगून साबुदाणावड्यासारखी झालीय, पण तरंगतेय. खर्च शून्य. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. दर तासाला सॅम्पल काढायचंय म्हणून हलता येत नाही, मेस साडेनऊला बंद होते. हॉस्टेलवरचं कोणी हे वाचत असेल तर डबा आणा रे.

अनुभवी_७२: के१००एमच घ्यायला हवा होता.