वॉर्डन, होमगार्ड, विशेष पोलीस अधिकारी: गाडी थांबवायचा अधिकार नक्की कोणाला?

घोडबंदर_रहिवासी:
ठाण्यातल्या कासारवडवलीच्या सर्व्हिस रोडवर आमचं सोसायट्यांचं फेडरेशन रोज संध्याकाळी ६ ते ९ सहा माणसं उभी करणार आहे. शाळेच्या बस वळताना गाड्या रोखायच्या, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या थांबवायच्या, एवढं काम. बैठकीत दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, इंग्लंडमध्ये ‘कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर’ असतात, तसं इथे आयुक्तालयाचं पत्र घेतलं की माणसांना अधिकार मिळाले. दुसरी म्हणते, ही माणसं कोणाचं लायसन्ससुद्धा मागू शकत नाहीत. कलमांसकट सांगा. जॅकेटवर काय लिहायचं तेही.

नाकाबंदी:
दुसरी बाजू बरोबर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० प्रमाणे चालकाने लायसन्स दाखवायचं ते गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. कलम ११९ मध्ये वाहतुकीचं नियमन करणाऱ्या ‘पोलीस अधिकाऱ्याचे’ निर्देश पाळायला सांगितलंय. वॉर्डनने, म्हणजे वाहतुकीला मदत करणाऱ्या बिगरपोलीस माणसाने, हात दाखवला तर लोक थांबतात, थांबायलाही हवं, पण त्या हाताला स्वतःचं कायदेशीर बळ नाही. दंडाचं तर पूर्ण वेगळं. तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची रक्कम, घेण्याचा अधिकार कलम २०० खाली राज्य सरकार अधिसूचना काढून ज्यांना देतं त्यांनाच. पोलिसातसुद्धा हा अधिकार आपोआप येत नाही, मग जॅकेटवाल्याला कुठून येणार?

होमगार्डची गोष्ट निराळी. मुंबई होमगार्ड कायदा १९४७ प्रमाणे कर्तव्यावर बोलावलेल्या काळात त्याला पोलीस अधिकाऱ्यासारखे अधिकार आणि संरक्षण असतं. बोलावलेलं नसेल, तर तो तुमच्या-माझ्यासारखा नागरिक. हे बोलावणं खात्याकडून येतं, फेडरेशनच्या अर्जावर होमगार्ड नाक्यावर येत नाही. तुमच्यातल्या कोणाला हे काम खरोखर करायचं असेल तर त्याने होमगार्डची भरती बघावी: वय २० ते ५०, दहावी पास, पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याची चाचणी.

विशेष पोलीस अधिकारी हा तिसरा प्रकार, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २१. आयुक्त लेखी आदेशाने नेमू शकतात, प्रमाणपत्र मिळतं, अधिकार नेहमीच्या पोलिसासारखे. पण ती तरतूद दंगल किंवा गंभीर शांतताभंगाची भीती असेल तेव्हाची आहे. रोजच्या बस वळवायला ती वापरत नाहीत. ‘पोलीस मित्र’ ओळखपत्राचा या कलमाशी संबंध नाही, ते फक्त ओळखपत्र आहे.

थोडक्यात, आयुक्तालयाच्या पत्राने तुम्हाला तिथे उभं राहून मदत करायची परवानगी मिळते. त्यापुढे काही नाही.

ऐरोली_सेक्टर८:
इंग्लंडचं उदाहरण बैठकीत अर्धवट सांगितलं गेलंय. पीसीएसओ (पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर) हे पद पोलीस रिफॉर्म ॲक्ट २००२ मधून आलं, फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये, स्कॉटलंडमध्ये नाही. ते पोलीस दलाचे पगारी कर्मचारी असतात. सोसायटीने उभे केलेले स्वयंसेवक नव्हेत. पोलिसासारखा अटकेचा अधिकार त्यांना नसतो. नाव-पत्ता मागू शकतात. समोरच्याने नकार दिला किंवा खोटं सांगितल्याचा संशय आला, तर चीफ कॉन्स्टेबलने (तिथल्या पोलीस दलाच्या प्रमुखाने) तो अधिकार दिला असेल तिथे पोलीस येईपर्यंत जास्तीत जास्त ३० मिनिटं थांबवून ठेवतात. कचरा टाकणं, फूटपाथवर सायकल चालवणं यासाठी ठरावीक दंडाची नोटीस, १८ वर्षांखालच्यांकडची दारू काढून घेणं, वाहतूक वळवणं, असे नेमके अधिकार.

मला त्यातली एक तरतूद फार पटते. कोणी विचारलं तर आपली नेमणूक झाल्याचा पुरावा त्यांना दाखवावाच लागतो, तोही अधिकार वापरतानाच. आपल्याकडे जॅकेट बघूनच लोक किल्ली काढून देतात. आणि ‘स्पेशल कॉन्स्टेबल’शी गल्लत करू नका. ते स्वयंसेवक असतात, पण अधिकार पूर्ण पोलिसाचे.

घोडबंदर_रहिवासी:
आभार. मग समोरून कोणी दारू पिऊन गाडी चालवत आला तर? पकडायचं की सोडायचं? नागरिकालाही अटक करता येते असं ऐकलंय.

नाकाबंदी:
येते, पण ऐकलंय तितकी सरसकट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. गुन्हा तुमच्या समोर घडलेला हवा, आणि तो दखलपात्र (पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) दोन्ही हवा. (फरारी घोषित झालेला असेल तरी चालतं.) पकडल्यावर ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. सोनसाखळी हिसकावणारा या चौकटीत बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा मद्यपी चालक बसत नाही, कारण तो गुन्हा जामीनपात्र आहे. त्याला विनावॉरंट अटक कलम २०२ खाली करायची ती गणवेशातल्या पोलिसाने. तुम्ही ११२ लावा, गाडीचा नंबर, रंग आणि कुठल्या दिशेने गेली ते सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं: किल्लीला हात लावू नका. दुचाकीस्वार थांबला नाही की वॉर्डन पुढे वाकतो, बोटं किल्लीकडे जातात. गाडी अजून सरकत असते, तोल जातो, माणूस पडतो. इजा झाली तर जबाबदारी किल्ली ओढणाऱ्यावर. नुसतं अडवून ठेवलं तरी भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ लागू शकतं: एक महिन्यापर्यंत साधी कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रिफ्लेक्टर:
आता कामाचं. अर्ज पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांना लिहा आणि स्थानिक वाहतूक उपविभागातून पाठवा. सोबत माणसांची नावं, फोटो, चारित्र्य पडताळणी, उभं राहायच्या जागांचा हाताने काढलेला नकाशा आणि वेळा. जागा वाहतूक अंमलदाराकडूनच ठरवून घ्या. तो जिथे उभा असेल तिथून दिसेल अशीच जागा हवी.

जॅकेटवर मराठीत ‘वाहतूक स्वयंसेवक’ आणि फेडरेशनचं नाव. ‘पोलीस’ हा शब्द कुठेच नको, पाठीवर ‘ठाणे पोलिसांच्या सहकार्याने’ असंही नको. आत पांढरा शर्ट आणि खाकी पँट घालू देऊ नका, लांबून तो ट्रॅफिक हवालदारच वाटतो. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकासारखा पेहराव करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ चा गुन्हा आहे. हेतू तुमचा नसेल, पण तक्रार झाल्यावर खुलासा तुम्हीच देत बसाल.

६ ते ९ म्हणजे हिवाळ्यात पूर्ण अंधार. लाल एलईडी बॅटन, शिट्टी, दोन पट्ट्यांचं जॅकेट. रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं नाही, दुभाजकाच्या टोकाला पाठ देऊन उभं राहायचं. बस वळवताना दोन माणसं हवीत. एकाने पाठून येणाऱ्या गाड्या रोखायच्या आणि त्या खरंच थांबल्या की दुसऱ्याने बसला हात द्यायचा. एकट्याने दोन्ही करायला गेलं की बस निम्मी वळलेली असताना मागून रिक्षा घुसते.

सोसायटीचा ‘नो पार्किंग’ बोर्ड सार्वजनिक रस्त्यावर लावू नका, त्याला किंमत नाही. वाहतूक शाखेची अधिसूचना लागते. चाकाला जॅमर तर अजिबात नको.

उलट्या दिशेच्या दुचाकीसमोर आडवं जाऊ नका. वहीत चार रकाने आखा: वेळ, नंबर, ठिकाण, काय केलं. फोटोत नंबरप्लेट आणि बाणाची पाटी एकत्र दिसायला हवी. आठवड्याची पानं उपविभागात देऊन पोच घ्या.