जेंकिन्सवर सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन लॉगिन

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वणीच्या जिनिंगच्या सॉफ्टवेअरसाठी चारही जण एकाच अ‍ॅडमिन लॉगिनने जेंकिन्स (कोड आपोआप तयार करून तपासणारा सर्व्हर) चालवता. हे आजच बंद करा. बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर तयार करायची फेरी) कोणी बिघडवली, हे नोंदीतून कधीच कळणार नाही.

प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. मग 'सिक्युरिटी'त जाऊन ऑथरायझेशनमध्ये प्रोजेक्ट-बेस्ड मॅट्रिक्स (कोणाला कशाची परवानगी, याचा तक्ता) निवडा. सेव्ह करायच्या आधी स्वतःच्या नावापुढे 'अ‍ॅडमिनिस्टर'वर टिक करा, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल. तसं झालंच तर जेंकिन्स थांबवा, होम फोल्डरमधल्या कॉन्फिग.एक्सएमएलमध्ये 'यूजसिक्युरिटी' ट्रूचं फॉल्स करा, सुरू करून लगेच दुरुस्त करा. तेवढा वेळ सर्व्हर सगळ्यांना उघडा असतो, म्हणून आधी नेटवर्कवरून तोडा.

अ‍ॅनॉनिमसला, म्हणजे लॉगिन न केलेल्याला, काहीच नको. बाकीच्यांना ओव्हरऑल-रीड, जॉब-रीड आणि जॉब-बिल्ड पुरे (जॉब म्हणजे जेंकिन्समधलं एकेक ठरवलेलं काम). ओव्हरऑल-रीड विसरलात तर लॉगिन होऊनही परवानगी नाही असंच दिसेल.

खरी गोम जॉब-कॉन्फिगरमध्ये, म्हणजे जॉब बदलायच्या परवानगीत आहे. ज्याच्याकडे ती परवानगी, तो त्या जॉबला मिळणारा कोणताही पासवर्ड स्क्रिप्टमधून बाहेर काढू शकतो. लॉगमध्ये पासवर्डच्या जागी दिसणारे तारे (****) काही अडवत नाहीत. जेंकिन्सफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, असेल तर तिथे पुश करणाऱ्यालाही हे जमतं. म्हणून पासवर्ड ग्लोबल ठेवू नका, त्या-त्या फोल्डरला बांधा.

आणि बिल्ट-इन नोडचे (जेंकिन्स ज्यावर चालतं त्या मुख्य मशीनचे) एक्झिक्युटर, म्हणजे एकावेळी चालणाऱ्या बिल्डच्या जागा, 0 करा, बिल्ड वेगळ्या एजंटवर (दुसऱ्या मशीनवर) चालवा. मुख्य मशीनवर चाललेली बिल्ड 'सीक्रेट्स' फोल्डरातली मास्टर की (साठवलेले पासवर्ड उलगडायची किल्ली) वाचू शकते.