मदत हवी आहे: जळगावचं ऊन, गावची लाईन आणि आठवड्याला तीन फेऱ्या. इलेक्ट्रिक कार आता घ्यावी का थांबावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही फैजपूरजवळच्या एका गावात राहतो. थोडी केळी आहे, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आप्पांचं (माझे वडील) दिवाळीपासून डायलिसिस सुरू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार जळगाव, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास. गाडी लहान भाऊ चालवतो, शनिवारी मी. घरची डिझेल गाडी बारा वर्षांची झाली आणि मार्चपासून दोनदा रस्त्यात बंद पडली. दुसऱ्या वेळी भुसावळच्या अलीकडे, भर दुपारी, डायलिसिस करून परतताना. आप्पा बाभळीच्या सावलीत उपरण्याने वारा घेत बसले होते, ते काही डोळ्यांसमोरून जात नाही. त्यामुळे गाडी बदलायची हे नक्की आहे.

रोजच्या खर्चाचा हिशेब केला तर इलेक्ट्रिकच परवडते. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर एका फेरीला पंधरा-सतरा युनिट. छतावर ३ किलोवॅट सोलर बसवायचंही चाललंय. पीएम सूर्यघरमध्ये त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि आपल्याकडच्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास मिळतात. अडचण दुसरीकडेच आहे.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाशिकचा मामेभाऊ त्याची इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला होता. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला चार्जर लावला, तर लाल दिवा. गाडी चार्जच होईना. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून बघितलं तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये वीस व्होल्टच्या वर दाखवत होतं. तो म्हणाला, "ताई, अर्थिंगचा खड्डा वाळून गेला आहे." गोठ्यामागच्या त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत हिरवा दिवा लागला! सगळे खूश. दीड तासाने मी सहज प्लगला हात लावला तर चटका बसला. काढून बघितलं, एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, जळक्या बेकेलाइटचा वास. व्होल्टेज बघितलं तर १८०. शोरूमवाल्याने (नाव नको) आम्हाला सांगितलं होतं, "साधा पंधराचा सॉकेट असला की झालं." आप्पांची फेरी त्या सॉकेटच्या भरवशावर कशी सोडायची?

दुसरी काळजी उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंश म्हणजे नवल नाही. डायलिसिसचे चार तास गाडी उन्हातच उभी राहणार. मी वाचलं त्यावरून, लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी सेल उष्णतेला निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्यांपेक्षा जास्त टिकतात, आणि पेट घ्यायची भीतीही कमी. नेक्सॉन, विंडसर या इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपीच आहे. पण "जास्त टिकतात" म्हणजे आपल्याकडच्या उन्हात किती?

आणि तिसरं, घरात रोज होणारा वाद. भाऊ म्हणतो थांबू. लिथियमऐवजी सोडियमची बॅटरी येतेय, सॉलिड-स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) येतेय, चीनमध्ये बीवायडी कंपनीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत चारशे किलोमीटरचं चार्जिंग दाखवलं, आज घेतलेली गाडी तीन वर्षांत जुनी होईल. त्याचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, म्हणून तर विचारतेय. थांबण्यात खरंच फायदा आहे का? आपल्या भागात कोणी दोन-तीन उन्हाळे काढले असतील तर कृपया स्वतःचा अनुभव सांगा. कंपनीचं माहितीपत्रक मी वाचलेलं आहे.

तापीकाठ

ताई, आधी आप्पांना लवकर आराम पडो. माझी एलएफपीवाली गाडी आहे, जळगावात तीन उन्हाळे झाले. रेंज फारशी घटलेली नाही. मे महिन्यात एसीमुळे कमी दिसते, पावसाळ्यात परत येते. बॅटरी झिजायची खरी कारणं दोन, आणि ती एकत्र आली की जास्त वाईट: उष्णता आणि फुल चार्ज. म्हणून १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी करू नका. तुमची फेरी शंभराची, ८० टक्क्यांवर निघालात तरी भागतं. एलएफपीला अधूनमधून पूर्ण भरावं लागतं, कारण तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं आणि गाडीला उरलेल्या चार्जचा अंदाज चुकायला लागतो. ते सोमवारी रात्री करा आणि मंगळवारी सकाळी गाडी बाहेर काढा.

दुपारी घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरीचा पॅक तापलेला असतो. फास्ट चार्जरवर भर उन्हात गेलात तर गाडी स्वतःच करंट कमी करते, वेळ वाढतो. घाबरायचं कारण नाही, ती स्वतःला सांभाळत असते.

थांबायचं म्हणाल, तर सोडियमची मोठी जमेची बाजू थंडीत दिसते. उणे तापमानात ती लिथियमपेक्षा बरी चालते. आपल्याला थंडीचं काय करायचंय? स्वस्त पडेल असं म्हणतात, पण त्याच वजनात ऊर्जा सहसा कमी मावते. २०२४ च्या सुरुवातीला चीनमध्ये सोडियमच्या छोट्या गाड्या ग्राहकांना मिळायला लागल्या. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३ मध्ये स्वतःचं तंत्र दाखवलं, रिलायन्सने इंग्लंडची फॅराडियन ही सोडियम बॅटरीची कंपनी घेतली. सॉलिड-स्टेटसाठी टोयोटाने २०२७-२८ चं साल सांगितलंय, आणि ती आधी महागड्या गाड्यांतच येणार. तुमच्या फेऱ्या या आठवड्यातही आहेत.

वायरमन_धुळे

ताई, तो प्लग जपून ठेवा आणि शोरूमवाल्याला नेऊन दाखवा. इस्त्री किंवा गिझर थोडा वेळ चालतो. गाडी सहा-सहा तास चौदा अँपियर ओढते. जुन्या सॉकेटची पकड ढिली असते, मागे बारीक वायर, तिथे उष्णता साठते. तुमची लाईन वाईट आहेच, पण आग लागली असती ती सॉकेटमुळे.

हे करा. मीटरपासून गाडीसाठी वेगळी लाईन, ६ स्क्वेअर एमएम तांब्याची. तिला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की लाईन तोडतो) आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की तोडतो). सॉकेट इंडस्ट्रियल, कारखान्यात असतो तसला. अर्थिंगचा खड्डा नवा घ्या, कोळसा-मीठ भरा आणि वर पाणी घालायला पाइप ठेवा. होळी झाली की आठवड्यातून एकदा पाणी, केळीला देताना लक्षात ठेवा. बिलावरचा मंजूर भारही बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

व्होल्टेज १८० ला आलं की ३.३ किलोवॅटचा चार्जर २.६ किलोवॅटवर येतो, म्हणजे पाच तासांचं काम साडेसहा तासांवर जातं. त्याखाली बंदही पडतो. तुमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर आहे का? असेल तर रात्री अकरानंतर लावा आणि चार्जरला करंट कमी करायची सोय असेल तर दहा अँपियरवर ठेवा.

भावाला एवढंच सांगा, ते पाच मिनिटांचं चार्जिंग एका गाडीला १००० किलोवॅट मागतं. गावातली डीपी १०० केव्हीएची असते, म्हणजे फार तर १०० किलोवॅट. तशा दहा डीप्या एका गाडीच्या तोंडाला लावायच्या! ते हायवेवर होईल, गावात आपली रात्रच कामाला येईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दहा डीप्यांचं उदाहरण भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच उठून चौकातल्या डीपीवरची पाटी वाचून आला. १०० केव्हीएच आहे.

वायरमनदादा, घर शेवटून दुसऱ्या खांबावर आहे. चार रात्री जागून व्होल्टेज लिहून ठेवलं. साधारण असं आहे: रात्री नऊला १८४, साडेअकराला २१२, पहाटे चारला २२६. म्हणजे साडेअकरा ते पाच ही आमची वेळ. दहा अँपियरवर तेवढ्यात बारा युनिट जातील, ते एका फेरीला पुरत नाहीत. पण फेऱ्या एक दिवसाआड आहेत, दोन रात्री मिळतात. शनिवारनंतर तर तीन. हिशेब बसतोय. तपकिरी पडलेला प्लग कपाटात ठेवला आहे, शनिवारी जळगावला जाताना शोरूमला नेणार आहे.

खड्ड्याचं काम सोमवारी सुरू करतोय, गोठ्यामागे नको म्हणून मोरीच्या पाण्याजवळ जागा काढली. सोलर पावसाळ्यानंतर.

आता एकच विचारायचं राहिलं, तापीकाठदादा. डायलिसिस झाल्यावर आप्पांना लगेच प्रवास झेपत नाही, अर्धा-पाऊण तास पडून राहावं लागतं. हॉस्पिटलच्या बाकड्यापेक्षा गाडीत, मागची सीट आडवी करून, एसी चालू ठेवून झोपवलं तर चार्ज किती उतरेल? तुम्ही मे महिन्यात उभ्या गाडीत एसी लावून बसला असाल तर टक्के सांगा, त्यावरून मला लहान बॅटरीची घ्यायची का मोठी हे ठरवता येईल.