उमेदवाराचं वय आणि आपलं मत : २०२४ चे तुमचे अनुभव लिहा

शर्वरी_बक्सकाउंटी :
काल सासूबाईंना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं होतं. तिथल्या बाईंनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आईंनी गोल छान काढला, आकडे सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीनं लिहिले आणि काट्यांपाशी आल्यावर पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. परत येताना २७ जून २०२४ ची रात्र डोळ्यांसमोर आली. अटलांटातली बायडन-ट्रम्प डिबेट. तेव्हाही पोटात असाच गोळा आला होता.

समोर प्रेक्षक नाहीत, एकाची पाळी असली की दुसऱ्याचा माईक बंद, नव्वद मिनिटं. सुरुवातीलाच बायडन कर्जाबद्दल बोलता बोलता अडखळले, वाक्याचा धागा सुटला आणि "अखेर आपण मेडिकेअरला (वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याला) हरवलं" असं काहीतरी बोलून थांबले. नवरा म्हणाला, बंद करू या का? मी म्हटलं, नको. आपण मत देणार आहोत, शेवटपर्यंत बघायचं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात, इथे एकेका मतासाठी माणसं दारात येतात. २०२० ला नागरिक झाल्यावर माझं पहिलं मत बायडनना होतं. आईंचं इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर जात नाही ते त्यांनी सही केलेल्या कायद्यामुळे. माणसाबद्दल मनात आदरच होता आणि आहे. पण ८१ वर्षांचा माणूस आणखी चार वर्षं, म्हणजे ८६ पर्यंत, ते काम करणार का, हा प्रश्न मी वर्षभर मनात दाबून ठेवला होता आणि त्या रात्री तो दाबता येईना.

तुमच्या घरी काय बोलणं झालं? मत बदललं का? कुठल्याही पक्षाचे असा, मोकळेपणानं लिहा. टिंगल मात्र नको, वय सगळ्यांना येणार आहे.

नॅशुआकर :
आमच्या न्यू हॅम्पशायरला जानेवारीतच हे कोडं पडलं होतं. पक्षानं पहिल्या प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाचा, मान साउथ कॅरोलायनाला दिला, आमच्या राज्यानं ऐकलं नाही, म्हणून बायडनचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं. शेवटच्या रिकाम्या ओळीवर हातानं लिहायचं. मी लिहिलं. वर त्याच पक्षातून बायडनविरुद्ध उभ्या असलेल्या डीन फिलिप्सचं नाव छापील होतं, वय ५५, आणि तो गावोगाव जाऊन नेमकं तेच सांगत होता जे जुलैत सगळे सांगायला लागले, की बायडननी थांबावं. जानेवारीत त्याला कोणी हिंग लावून विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं अजून.

चिंगी७ :
शर्वरी, डॉक्टर काय म्हणाले आईंबद्दल? बी १२ आणि थायरॉइड आधी बघून घ्या गं. माझ्या बाबांचं अर्धं विसरणं बी १२ नं होतं, इंजेक्शनं घेतल्यावर पेपरातलं शब्दकोडं परत सोडवायला लागले.

शर्वरी_बक्सकाउंटी :
रक्त दिलंय, सोमवारी रिपोर्ट. थँक्यू गं, हे ऐकून बरं वाटलं.

जुना_कॅन्ससवासी :
तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मले नसतील म्हणून लिहितो. १९८४. मी एम.एस. करत होतो, मत नव्हतं, पण होस्टेलच्या टीव्हीसमोर जागा धरून बसायचो. रेगन ७३ वर्षांचे. लुइव्हिलच्या पहिल्या डिबेटमध्ये ते चाचपडले, दमलेले दिसले, आणि आठवडाभर पेपरांत वयाशिवाय विषय नव्हता. दुसरी डिबेट कॅन्सस सिटीत, म्हणजे आमच्या अगदी जवळ. त्यांना वयाबद्दल विचारलं तर म्हणाले, मी या निवडणुकीत वयाचा मुद्दा करणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा मी घेणार नाही. समोर मॉन्डेल, ५६ वर्षांचे, तेही हसले. निवडणूक तिथेच संपली, रेगननी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली.

आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांचं पत्र आलं की मला अल्झायमर झालाय. मला ते पत्र वाचून रडू आलं होतं. अध्यक्ष असताना त्याची सुरुवात झाली होती का यावर अजून वाद आहे, मी त्यात पडत नाही. पण तेव्हापासून एका चांगल्या उत्तरावर किंवा एका वाईट रात्रीवर मी मत ठरवत नाही. वर्षभर माणूस कसा वागतो-बोलतो ते बघतो. २०२४ ला तसंच बघितलं आणि जड मनानं ठरवलं की बायडननी थांबावं.

पुणेरी_पहाट :
आमच्याकडे तेव्हा शुक्रवार सकाळचे साडेसहा. लेक सिएटलला, फोनवर ती आणि इकडे मी, दोघी एकाच वेळी बघत होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळ खाली लागली. ती सारखी म्हणत होती, आई, हे असं नको होतं. मला मत नाही, मला वाटायचं की त्यांच्या घरातलं कोणी त्यांना जवळ बसवून सांगत कसं नाही.

ओहायोची_नर्स :
मी वृद्धांच्या वॉर्डात काम करते, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या, ब्रेकमध्ये लिहितेय.

टीव्हीवर बघून कोणालाही डिमेन्शिया आहे म्हणू नये. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा १९७३ पासून नियमच आहे, स्वतः तपासलं नाही त्या सार्वजनिक व्यक्तीबद्दल निदान सांगायचं नाही. चाल ताठर होणं वेगळं, शब्द न सापडणं वेगळं, निर्णय चुकणं वेगळं. बायडनच्या डॉक्टरांच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात मणक्याचा संधिवात आणि पायांच्या संवेदना कमी झाल्याचं लिहिलं होतं, पाय घासत चालायचं कारण ते. डिबेटच्या रात्री सर्दी होती असंही सांगितलं गेलं. म्हाताऱ्या माणसाला साधी सर्दी, कमी झोप, प्रवास, यातलं काहीही झालं तरी तो दोन दिवस वेगळाच दिसतो, हे मी रोज बघते.

पण हेही रोज बघते की आज बरा असलेला ८२ चा माणूस चार वर्षांनी कुठे असेल ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. माझी काळजी तिथे होती. आजचा दिवस नव्हे, २०२८. पेशंटच्या मुलांना मी सांगते की आई-बाबा ठीक आहेत तेव्हाच पुढचं ठरवा, पडल्यावर नाही. पक्षानं २०२२ लाच हे बोलायला हवं होतं.

भिजलेला_कागद :
+१ नर्सताई. शेवटचा परिच्छेद तर शंभर टक्के.

फ्रिस्कोकर :
मी ट्रम्पना मत दिलं, टेक्सासमधून. महागाई आणि सीमा हे माझे मुद्दे, वय नंतर. तरी सांगतो, ८ फेब्रुवारीला, गोपनीय कागदपत्रांवरून बायडनची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट हर यांचा तो अहवाल आला, "सद्हेतूचा, स्मरणशक्ती कमी झालेला वृद्ध माणूस" वगैरे, आणि त्याच संध्याकाळी पत्रकारांसमोर बायडन संतापून बोलले आणि इजिप्तच्या सिसींना मेक्सिकोचे अध्यक्ष म्हणाले. माझ्या डेमोक्रॅट शेजाऱ्यानं मला सांगितलं की हे काही खरं नाही.

आणि आमच्या बाजूचंही बोलायला हवं. जानेवारीत ट्रम्प एका सभेत पक्षातली प्रतिस्पर्धी निकी हेलीबद्दल बोलायच्या जागी डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पलोसीचं नाव घेत राहिले. हेली म्हणत होती, ७५ च्या वरच्या उमेदवारांची मानसिक क्षमतेची चाचणी घ्या. मला ते पटलं होतं आणि अजून पटतं, दोघांसाठीही. शपथ घेताना ट्रम्प ७८ वर्षं सात महिन्यांचे होते, इतक्या वयाचा अध्यक्ष आधी कोणी शपथ घ्यायला उभा राहिलेला नाही. म्हणून मी त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांच्याबद्दल सगळं वाचून काढलं आणि मगच मत दिलं. उमेदवार वयस्कर असेल तर उपाध्यक्षाला मत देतोय असं समजूनच द्यावं.

चिंगी७ :
ट्रम्पनी २०२० मध्ये चाचणीतले शब्द टीव्हीवर म्हणून दाखवले होते ना, पर्सन, वुमन, मॅन, कॅमेरा, टीव्ही. आमचे बाबा इंजेक्शन घेऊन आले की दारातूनच ते पाच शब्द ओरडतात, म्हणजे आम्ही काळजी करायची नाही :)

एडिसनची_वहिनी :
मी २०२४ ला रविवारी पेनसिल्व्हेनियात जाऊन दारोदार फिरायचे, मराठी-गुजराती घरं आमच्या ग्रुपकडे. डिबेटच्या आधीपासून लोक दारातच बोलून दाखवायचे. एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, मला आत बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, मी त्याच्याच वयाची आहे म्हणून सांगते, दुपारी चारनंतर माझं डोकं चालत नाही, त्याला कसं जमेल. आम्हाला दिलेल्या कागदावर याला उत्तर होतं, कामांची यादी वाचायची. मी ती वाचायला सुरुवात केली आणि थांबले. बाईंनी मनातलं सांगितलं होतं, त्यावर यादी कशी वाचणार?

लोकांना वयाचा राग नव्हता हो. राग होता तो "काही झालेलं नाही" असं वर्षभर ऐकवल्याचा. सुपर बोलच्या (फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) आधीची अध्यक्षांची मुलाखतसुद्धा सलग दोन वर्षं टाळली, हे लोकांच्या लक्षात होतं. डिबेटच्या दुसऱ्या दिवशी रॅलीत बायडन म्हणाले की मी पूर्वीसारखं चालत नाही, पूर्वीसारखं डिबेट करत नाही. हेच सहा महिने आधी मान्य केलं असतं तर!

२१ जुलैला, रविवारीच, बायडनचं माघार घेतल्याचं पत्र आलं. मी कुणाच्या तरी अंगणात उभी होते, सगळ्यांचे फोन एकदम वाजले. नंतर आम्ही गॅरेजमध्ये बसून बोर्डांचा बायडनचं नाव असलेला वरचा भाग कात्रीनं कापला आणि खालचं हॅरिस तेवढं ठेवलं. पुठ्ठा जाड, बोटं दुखली. पुढे १०७ दिवसांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ऐंशीच्या_उंबरठ्यावर :
मी ७९. सॅन होजेला मुलाकडे असतो, नागरिक आहे, प्रत्येक निवडणुकीत मत देतो. त्या उन्हाळ्यात आमच्यासारख्यांना फार लागलं. जेवताना हातातून चमचा पडला तरी नातवंडं "बायडन, बायडन" करायची. त्यांना वाईट हेतू नव्हता. पण मी टेबलावर बोलणं कमी केलं, एखादा शब्द नाही सापडला तर काय म्हणून. वयाच्या प्रश्नावर चर्चा जरूर करा, मलाही वाटत होतं की त्यांनी उभं राहू नये. तुमच्या घरातली म्हातारी माणसं ते ऐकत असतात एवढं ध्यानात ठेवा.

शर्वरी_बक्सकाउंटी :
काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. आमच्याकडेही आई समोर बसलेल्या असताना आम्ही तेच बोलत होतो. तुम्ही जेवताना बोला, भरपूर बोला.

माझा_वेद_आणि_मी :
माझा मुलगा तोतरा बोलतो. बायडन लहानपणापासून तोतरे होते. २०२० च्या अधिवेशनात तसं बोलणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलानं सगळ्या देशासमोर भाषण केलं तेव्हा वेद उड्या मारत होता. त्यामुळे २०२४ ला लोक अडखळण्यावरून क्लिपा फिरवायला लागले तेव्हा मी प्रत्येक ठिकाणी भांडायचे. पण जुलैत नाटोच्या कार्यक्रमात झेलेन्स्कींची ओळख "अध्यक्ष पुतिन" अशी करून दिली, लगेच सुधारलीही, तेव्हा वेदच म्हणाला, आई, हे माझ्यासारखं नाहीये. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हादईकाठचा :
आमच्या गोव्यात २०२२ ला माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणेंनी वेळेवर ठरवलं. पर्ये मतदारसंघातून काँग्रेसनं नाव जाहीर केलं होतं, वय ऐंशीच्या वर, ५० वर्षं आमदार, एकदाही हरले नाहीत. त्यांनी माघार घेतली. समोर भाजपकडून सूनबाई होत्या हा भाग वेगळा.

माणदेशी_पोरगं :
सांगोल्याचे गणपतराव आबा २०१४ ला अठ्ठ्याऐंशीच्या आसपास असताना निवडून आले की. अकरा वेळा आमदार. आमच्या आजोबांना कुणी वयाचं बोललं तर काठी उगारायचे. आबा लग्नाला, मयताला, बाजारात रोज दिसायचे, तब्येत कशी आहे ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक. २०१९ ला स्वतःहून थांबले.

एडिसनची_वहिनी :
माणदेशी, हेच म्हणतेय मी. रोज दिसत असेल तर लोक स्वतः ठरवतात.

रांगेतला_एच१ :
मत नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. ऑफिसात लंचला सगळे बोलायचे आणि मी ऐकायचो. आमच्या मॅनेजरच्या मते १९१९ मध्ये विल्सनना पक्षाघात झाला आणि पत्नी एडिथ ठरवायच्या की कुठला कागद त्यांच्यापर्यंत जायचा. मी घरी येऊन वाचलं, खरंच तसं. अध्यक्षाला काम जमत नसेल तर काय करायचं हे घटनेत नीट लिहायला १९६७ उजाडलं, तेही केनेडींच्या हत्येनंतर. आपण मतदारांनी काळजी करणं रास्तच आहे. म्हणजे तुम्ही मतदारांनी.

फार्गोकर :
आमच्या नॉर्थ डकोटात डिबेटच्या दोन आठवडे आधी, ११ जूनला, जनमत झालं होतं. ज्याला मुदत संपायच्या आत ८१ पूर्ण होतील त्याला राज्यातून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, पाठवायचं नाही. जवळजवळ ६१ टक्क्यांनी पास. मी बाजूनं मत दिलं. १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की राज्यांना अशा जादा अटी घालता येत नाहीत, त्यामुळे कोर्टात टिकणं कठीण. अध्यक्षपदाला तर हे लागूच नाही, तिथे कमीत कमी ३५ एवढंच लिहिलंय, वरची मर्यादा नाही. पण एवढ्या लोकांनी हो म्हटलं हे कोणीतरी ऐकायला हवं. मे २०२५ मध्ये बायडनना कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा घरात सगळे गप्प झालो. बरे होवोत.

पुणेरी_पहाट :
फार्गोकर, विषयांतर होतंय, माफ करा. भाचा ऑगस्टमध्ये तिकडच्या युनिव्हर्सिटीत येतोय. थंडीचे कपडे इथूनच घेऊन द्यावेत का?

फार्गोकर :
नको, जाड कोट इथेच घेऊ दे, तिकडचा इथल्या जानेवारीला पुरणार नाही. चांगल्या वुलनच्या बंड्या आणि मोजे मात्र द्या. आणि गोडा मसाला. त्याला माझा नंबर निरोपातून पाठवतो, विमानतळावर घ्यायला मी येतो.