मदत हवी आहे: व्हिनाइल एस्टर रेझिन कार्बन फायबरला धरत नाहीये

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, कार्बन फायबरचे पॅनेल बनवतो. आजवर इपॉक्सी रेझिनच वापरत आलो. आता एका गिऱ्हाइकाला केमिकल प्लांटसाठी व्हिनाइल एस्टरमध्येच माल हवाय. कापड तेच ठेवलं, पण लॅमिनेट (रेझिनने जोडलेले कापडाचे थर) वाकवलं की थर सुटतात. तुटलेल्या कडेला फायबर अगदी उघडे दिसतात, रेझिनचा मागमूस नाही. (पोस्ट क्युअर, म्हणजे रेझिन घट्ट झाल्यावर पुन्हा तापवणं, नीट केलंय, तेव्हा ‘अजून तापवा’ हा सल्ला कृपया नको.)

माझा संशय फायबरवरच्या सायझिंगवर, म्हणजे धाग्यांवरच्या पातळ लेपावर आहे. वजनाने जेमतेम १ टक्का असतं, पण रेझिनची पकड त्यावरच ठरते. बाजारातलं बरंचसं सायझिंग इपॉक्सीला जुळणारं. व्हिनाइल एस्टर क्युअर (घट्ट) होतं फ्री रॅडिकलने, म्हणजे इपॉक्सीपेक्षा वेगळ्या रासायनिक क्रियेने, त्यामुळे त्याची या लेपाशी रासायनिक गाठ फारशी बसत नसावी. त्यात ते इपॉक्सीपेक्षा आकसतंही जास्त. सप्लायर म्हणतो, “सगळ्या रेझिनला चालतं हो!” डेटाशीट मागितली की विषय बदलतो.

असिटोनने सायझिंग धुऊन कोणी बघितलंय का? मला ते फारसं पटत नाही. लेप गेला की फायबर पिंजारतात, आणि पकड सुधारेलच असंही नाही.

त्यापेक्षा व्हिनाइल एस्टरसाठीच्या सायझिंगचं कापड थोडंसंच, पाच-दहा मीटर, पुण्यात कोण देईल? आणि एएसटीएम डी २३४४ प्रमाणे शॉर्ट बीम टेस्ट (थरांची एकमेकांशी पकड तपासणारी चाचणी) बाहेरच्यांना कुठे करून मिळते? दोन्ही कापडांचे नमुने शेजारी ठेवून तपासायचे आहेत.