मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये ट्रिपल-एमधला खेळाडू मेजर लीगला (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगला) पोचेल का, हे कशावरून ओळखायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, डरहमला राहतो. लेकासोबत डरहम बुल्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मॅचेस बघता बघता तिथल्या एका आउटफिल्डरवर आमचा जीव जडलाय. वय 25, होमरन भरपूर, पण तीनदा बॅटिंगला आला की एकदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) ठरलेला. परवा बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर (ऐनवेळी वळणाऱ्या चेंडूवर) तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेतच. ट्रिपल-ए म्हणजे मेजरच्या अगदी खालची पायरी, तरी बुल्सचा मेजरमधला मुख्य संघ टॅम्पा बे रेज, त्यांच्या 40 जणांच्या रोस्टरवर (मेजरसाठी निवडता येणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) तो अजून नाही. मेजरमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सनी 2008 मध्ये घेतलेला आपला भारतीय पिचर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) सिंगल-ए या ट्रिपल-एच्या बऱ्याच खालच्या पायरीच्या पुढे गेला नाही, ते आठवलं की धाकधूक होते. वय जास्त धरायचं की स्ट्राइकआउटचं प्रमाण? या वयात ते सुधारतं का? जाणकारांनी कृपया सांगा, लेक रोज विचारतोय.