ट्रू डिटेक्टिव्ह, भाग १: संथ आहे, पण रटाळ नाही
‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या गुन्हेगारी मालिकेच्या पहिल्या सीझनचा पहिला भाग रटाळ वाटला आणि गोष्टीतल्या १९९५-२०१२ अशा उड्यांनी डोकं गरगरलं म्हणताय. माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं. मग रस्ट या डिटेक्टिव्हच्या (मॅथ्यू मॅककॉनही) केसांकडे बघायला लागलो. १९९५ मध्ये नीट कापलेले, गळ्यात टाय. २०१२ मध्ये लांब केस, झुपकेदार मिशा आणि भरदुपारी बिअरची मागणी. उसाच्या शेतातलं झाड, त्याखालचं प्रेत, डोक्यावर हरणाची शिंगं, हे सगळं सुरुवातीलाच उरकून टाकलंय. खरी मजा गाडीत आहे. रस्टचा जोडीदार मार्टी (वुडी हॅरलसन) स्वतःहून विषय काढतो आणि रस्टचं तत्त्वज्ञान ऐकून असा पस्तावतो, की यापुढे गाडीत शांतता पाळू या म्हणतो! मॅककॉनहीचं कौतुक सगळेच करतात, पण त्या वेळचा वुडी हॅरलसनचा चेहरा बघा एकदा. तसाच तो जेवणाचा प्रसंग, रस्ट फुलं घेऊन झिंगलेल्या अवस्थेत मार्टीच्या घरी येतो तो. (मला हसू आलं, मग अपराधी वाटलं.)

या सीझनचे आठही भाग एकाच लेखकाचे, एकाच दिग्दर्शकाचे आहेत, त्यामुळे पुढे एकदम वेग वाढेल ही आशा नको. तिसऱ्या भागापर्यंत नाहीच जमलं तर बिनधास्त सोडा.